चोवीस चिठ्ठ्या, तेवीस कागद

क्रमांकाच्या चिठ्ठ्या चोवीस होत्या आणि उत्तरपत्रिका तेवीस. सतरा क्रमांकाची चिठ्ठी गठ्ठ्यात होती. तिच्याखालचा कागद नव्हता.

सतरा क्रमांक म्हणजे पाणीखात्यातल्या कारकूनबाई. गुरुवारी दुपारी दोन वाजता त्या खासगी तपासनीस बाईंकडे आल्या, तेव्हा रडत नव्हत्या, संतापल्या होत्या.

"म्हणे मी नुसती चिठ्ठी दिली आणि कागद घरी नेला! अकरा वर्षं नोकरी केलीय. कागद लपवायचाच असता तर ऑफिसात लपवला असता. जन्मात कुणाला सापडला नसता."

तपासनीस बाई हसल्या नाहीत. त्यांना सगळे वहिनीच म्हणत. खरं तर त्या वहिनी एकाच माणसाच्या, धाकट्या दिराच्या. हे भावोजी निवृत्तीनंतर त्यांच्याबरोबर वही घेऊन फिरत आणि बहुधा चुकीचं तेच टिपून घेत.

"परीक्षा कसली होती?" वहिनींनी विचारलं.

"पाच दिवसांचं प्रशिक्षण, आणि सोमवारी प्रात्यक्षिक. आपापल्या खात्यातल्या विषयावर एक पत्र करायचं. मी गळतीवर केलं. ही माझी तिसरी वेळ. पहिल्यांदा मी आजारी पडले, दुसऱ्यांदा प्रशिक्षक आजारी पडले. दोन्ही वेळा नापास मात्र मीच. आज पाचला यादी जाते. तिच्यात नाव नसलं तर कायमची जागा गेली. उद्यापासून हंगामी."

"कागद कुणाच्या हातात दिलात?"

"अधीक्षकांच्या टेबलावर ठेवला. मी शेवटची. टाचण्या संपल्या होत्या. ते म्हणाले, चिठ्ठी नुसती वर ठेवा, चहा घेऊन आलो की लावतो."

वहिनींनी चपला घातल्या.

प्रशिक्षण संस्थेच्या फाटकातच कंबरभर खोल खड्डा होता. काठावर तीन मजूर आणि त्यांचा मुकादम बसले होते.

"काय शोधताय?" वहिनींनी विचारलं.

"पाणी."

"लागलं?"

"कालपासून खणतोय, बाई. नुसती धूळ."

"मग थांबत का नाही?"

"खणायचा हुकूम आहे. थांबायचा आलेला नाही."

फळीवरून पलीकडे जाताना भावोजींचा एक बूट मातीत रुतला. "वहिनी, आमच्या गल्लीत पाइप फुटून चार महिने झाले, कुत्रं फिरकत नाही. आणि हे इथे कोरड्यात खणतायत!"

"हो ना," वहिनी म्हणाल्या आणि वळून पुन्हा एकदा खड्ड्याकडे पाहिलं.

अधीक्षक शांत होते. नियमाचा आधार असलेला माणूस शांतच असतो.

"गठ्ठा मी बांधला, मोहोर मी लावली. संख्या चोवीस."

"काय काय मोजलंत?"

"चिठ्ठ्या. नियमात 'चिठ्ठ्या मोजाव्यात' असंच आहे."

"आणि कागद?"

"चिठ्ठी आहे तिथे कागद असतोच."

"सतराव्या चिठ्ठीला नव्हता."

"म्हणूनच म्हणतो, बाईंनी दिलाच नाही!"

कारकूनबाई काही बोलणार, तेवढ्यात वहिनींनी त्यांचा हात दाबला. "चहाला किती वेळ लागला?"

"नियमाप्रमाणे पंधरा मिनिटं."

"आणि सोमवारी?"

अधीक्षकांनी घड्याळाकडे पाहिलं. "चाळीस."

प्रशिक्षक शेजारच्या खोलीत होते. त्यांनी स्वतःच विषय काढला. "यांनी भर वर्गात माझी चूक दाखवली, हे खरं. म्हणून काय मी कागद पळवीन?"

भावोजींनी वहीत 'हेतू' असं लिहून खाली दोन रेघा ओढल्या.

"परीक्षा कशी घेतलीत ते सांगा," वहिनी म्हणाल्या.

प्रशिक्षक खुलले. "अगदी खऱ्यासारखी! कार्यालयाचा छापील कागद, खरी जागा, खरी तारीख, खाली खरी सही आणि पदनाम. 'नमुना' हा शब्द दिसला तर पाच गुण कापीन, असं बजावलं होतं."

शिपाई जिन्याखाली स्टुलावर बसला होता. पन्नाशीचा, कपाळाला कायमची आठी.

"अधीक्षकांचं टेबल कोण आवरतं?"

"मीच. रोज साडेचारला. आणि आधीच सांगतो, गठ्ठ्याला मी हात लावला नाही. टाचलेले कागद साहेबांचे. बोट लावायचं नाही."

"न टाचलेले?"

"ते जिथे जायचे तिथे जातात. एक चिठ्ठी खाली पडली होती, ती उचलून गठ्ठ्यावर ठेवली. ठेवायची नव्हती का? चांगलं करायला जावं तर हे असं!"

"उलट बरं केलंत," वहिनी म्हणाल्या. "तुम्हीच एकट्याने काम केलंय."

भावोजींनी 'हेतू' खोडला आणि गोंधळून वही मिटली.

सव्वाचारला सगळे अधीक्षकांच्या खोलीत जमले. वहिनींनी मुकादमालाही बोलावलं होतं. त्याचे मातीचे पाय पाहून अधीक्षकांनी तोंड वाकडं केलं.

"कागद कुणीही चोरलेला नाही," वहिनींनी सुरुवात केली. "चोरणारा चिठ्ठीही नेतो. चिठ्ठी राहिली, कारण ती टाचलेली नव्हती. कागद उचलला तेव्हा ती खाली पडली. सोमवारी साडेचारला या टेबलावर काय होतं? तेवीस टाचलेले कागद आणि वर एक सुटं पत्र. छापील कागदावर, तारीख, सही, पदनाम सगळं असलेलं. परीक्षेचा शब्दही नाही. अशा पत्राचं शिपाई काय करतो?"

"आवक खिडकीवर देतो," शिपाई म्हणाला. "दुसरं काय करणार?"

वहिनी कारकूनबाईंकडे वळल्या.

"बाई, गळती कुठे आहे असं लिहिलंत?"

कारकूनबाईंचा चेहरा उतरला. "खरी जागा लिहा म्हणाले होते. खिडकीतून जे दिसत होतं ते लिहिलं. संस्थेचं फाटक."

"मुकादम, तुमच्या हुकुमाला जोडलेलं पत्र दाखवा."

मुकादमाने खिशातून घडी काढली. पत्राची प्रत होती. कोपऱ्यात संस्थेच्याच आवक खिडकीचा शिक्का: सोमवार, चार चाळीस. त्याखाली पाणीखात्याचा, मग अभियंत्यांचा शेरा, 'तात्काळ'.

"अहो, पण दोन दिवसांत?" भावोजींना राहवेना. "आमच्या गल्लीचे सात अर्ज परत आले! कधी नकाशा नाही, कधी कलम चुकलं."

"तेच तर." वहिनींनी प्रत प्रशिक्षकांपुढे सरकवली. "तपासा."

प्रशिक्षकांनी लाल पेन काढलं. वरपासून खालपर्यंत वाचलं, पुन्हा वाचलं, आणि पेनाला टोपण लावलं.

"चूक?"

"एकही नाही."

"एक जरी असती ना, तर कुठल्यातरी टेबलाने ते परत पाठवलं असतं आणि मंगळवारीच सगळं उघड झालं असतं. तीन कार्यालयांना त्यात काढायला काही सापडलं नाही, म्हणून त्यांना नाइलाजाने काम करावं लागलं."

अधीक्षक खाकरले. "तरीपण, मूळ कागद आता अभियंत्यांच्या फायलीत. प्रतीवर गुण देण्याची नियमात तरतूद नाही."

"कागद न मोजता मोहोर लावायची तरतूद आहे का?" वहिनींचा आवाज पहिल्यांदाच चढला. "साडेचार वाजत आले. यादीत नाव घाला. नाहीतर चोवीस कुठून आले, हे मी लेखी विचारते. पत्र ह्या बाई लिहून देतील. त्यांचं पत्र परत येत नाही, हे आपण पाहिलंच."

अधीक्षकांनी यादी पुढे ओढली. सतरा क्रमांकापुढे 'उत्तीर्ण' लिहिलं, प्रशिक्षकांची सही घेतली, मग स्वतःची केली.

"आम्ही खणायचं थांबू का?" मुकादमाने विचारलं.

"लेखी येईल," अधीक्षक म्हणाले आणि ओशाळून कारकूनबाईंकडे वळले. "बाई, तेवढं एक पत्र..."

"लिहीन की. प्रमाणपत्र हातात पडलं की लगेच."

साडेचार वाजले. शिपाई टेबलापाशी आला आणि सही झालेल्या सुट्या यादीकडे त्याने नेहमीच्या सवयीने हात नेला.

कारकूनबाईंचा तळवा यादीवर धाडकन आपटला. "आधी टाचणी!"

"टाचण्यांची मागणी पाठवलीय," अधीक्षक पुटपुटले.

वहिनींनी अंबाड्यातली पिन उपसली.