शर्करासारथीची सरळ रेषा

डॉ. मृदुला अंतरकरांना विश्रामचा संशय आला तो पडद्यावरच्या एका उंचवट्यामुळे.

मिरजेच्या त्यांच्या निवासी प्रयोगशाळेत मधुमेह झालेली तरुण मुलं दोन वर्षं राहत होती. प्रत्येकाच्या दंडात 'शर्करासारथी' बसवलेला. तांदळाएवढं ते यंत्र क्षणोक्षणी रक्तातली साखर मोजायचं, त्याप्रमाणे कमरेच्या पंपाला इन्सुलिन सोडायला लावायचं आणि पुढच्या ताटात काय वाढायचं तेही स्वयंपाकघराला कळवायचं. साखरेची रेषा सरळ राहिली पाहिजे, एवढी एकच आज्ञा बाईंनी त्याला दिलेली.

बाईंची लेक केतकी त्यांच्यातलीच. तिची रेषा ताणलेल्या दोरीसारखी. विश्राम आणि त्याच्या टोळीची मात्र रोज संध्याकाळी उसळी मारायची. वर त्यांची रात्रीची ताटं अर्धी परत येत.

"हा पोरगा बाहेरून जिलब्या आणतो," बाई हृदयतज्ज्ञ डॉ. मुजावरांना म्हणाल्या. "उद्या माझ्या केतकीलाही बिघडवेल."

"पोलिसांत भरती व्हायला हवं होतं तुम्ही, मॅडम!" मुजावर हसले.

बाईंनी विश्रामला बोलावलं. "संध्याकाळी काय खातोस रे?"

"काहीच नाही, मॅडम. देवाशपथ!"

त्याचा चेहरा इतका निर्मळ होता, की बाईंचा संशय आणखी बळावला.

त्याच संध्याकाळी बाई मुलांच्या मागोमाग गेल्या. मुलं मागच्या फाटकातून निघाली ती थेट मारुतीच्या देवळात शिरली. रोजचं कीर्तन रंगलं होतं. बुवांनी झांजांच्या ठेक्यावर असा काही आर्त सूर लावला, की पाळत ठेवायला आलेल्या बाईंचेही हात नकळत ताल धरू लागले. आरती झाली आणि द्रोण फिरले: भिजवलेले हरभरे, काकडी, पेरूच्या फोडी. विश्रामनं द्रोण चाटूनपुसून संपवला.

"आता हे काय?" बाईंनी त्याचं मनगट पकडलं.

"हे?" तो खरोखरच गोंधळला. "हा प्रसाद आहे, मॅडम. ह्याला कुणी खाणं म्हणतं का?"

आजूबाजूच्या बायका फिस्सकन हसल्या. बाईंचं लक्ष खांबाकडे गेलं. तिथे केतकी उभी होती. तिच्याही हातात द्रोण होता.

दुसऱ्या दिवशी मुलांची धमनीपरीक्षा झाली. रक्तवाहिन्या किती लवचिक आहेत हे दोन वर्षांनी पहिल्यांदाच तपासलं जात होतं. अहवाल घेऊन आलेल्या मुजावरांनी आधी दार लावून घेतलं.

"काही मुलांच्या धमन्या पन्नाशीच्या माणसासारख्या ताठ झाल्यात."

"विश्रामची टोळी! मी म्हणत नव्हते?"

"नाही. त्यांच्याच तेवढ्या छान आहेत. ज्यांची रेषा सरळ, त्यांच्याच बिघडल्या."

"कसं शक्य आहे?"

"मॅडम, सारथीला तुम्ही साखर सांभाळायला सांगितलंत. हृदयाचं कुठे सांगितलंत? साखर न वाढवता पोट भरायचं, तर तो काय वाढणार? लोणी, पनीर, साय, चरबीचं मटण. भाकरी, कडधान्यं, फळं त्यानं हळूहळू ताटातून हद्दपारच केली. साखर जागची हलली नाही, पण ती चरबी धमन्यांना बाधली. विश्रामची मंडळी हरभऱ्यांनी पोट भरून यायची आणि रात्रीचं लोणी-पनीर टाकायची. तेवढ्यानं वाचली बिचारी."

बाईंना काल पाहिलेला तो द्रोण आठवला आणि जिवात जीव आला. लेकीनं आपल्याला फसवलं असावं, अशी प्रार्थना त्या आयुष्यात पहिल्यांदाच करत होत्या. अहवालातली नावं न वाचताच त्या केतकीच्या खोलीकडे धावल्या.

"खरं सांग, राणी. प्रसाद खायचीस ना रोज? मी अजिबात रागावणार नाही."

"छे गं, आई! देवाच्या दारात नको म्हणवत नाही, म्हणून हातात घ्यायचे. मग बाहेर गाईपुढे ठेवायचे." केतकी हसली. "तुझं यंत्र खोटं पडायला नको ना! एक दाणासुद्धा तोंडात टाकला नाही मी."