एक, मग थांबून दोन

जुनी पाइपलाइन बुजवायच्या दिवशी कानकाकांना बोलावणं आलं, तेव्हा ते ओट्यावर नखं कापत बसले होते. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, तरी गळती ऐकणारा माणूस म्हटलं की खात्यात अजून त्यांचंच नाव निघे. लोखंडी सळईचं एक टोक पाइपवर, दुसरं कानाला, एवढ्यावर ते जमिनीखाली पाणी कुठे झिरपतंय ते अचूक सांगत. बायको म्हणायची, पाइपचं सगळं ऐकू येतं यांना, माझं तेवढं येत नाही.

काम साधं होतं. चाळीस गावांना पाणी देणारी नवी लाइन शेजारून सुरू झाली होती. जुन्या लाइनचा रस्त्याखालचा तुकडा सिमेंटने भरायचा होता, नाहीतर पुढेमागे रस्ता खचला असता. त्याआधी काकांनी कान लावायचा आणि आत काही नाही असं लिहून सही करायची.

दुपारचे तीन वाजले होते. पाइपच्या उघड्या तोंडाशी इंजिनीअर मॅडम होत्या, सिमेंटच्या गाडीवरचे दोघे होते, आणि थोडं लांब, झाडाच्या सावलीत वहिनी बसल्या होत्या.  पंचवीस वर्षांपूर्वी काकांचा थोरला भाऊ, वहिनींचा नवरा, याच तुकड्यात बुडाला होता. तिसऱ्या दिवशी खालच्या जाळीपाशी सापडला.

"बंद करताहेत असं कळलं, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "म्हटलं, एकदा बघून यावं."

 काकांनी गुडघे टेकून सळई लावली. गंजाचा आणि जुन्या गाळाचा वास आला. बराच वेळ काहीच नव्हतं. मग आतून, लांबून, कोणीतरी पाइपवर ठोकलं. एकदा. मग थांबून दोनदा.

 हा पाइप इतका मोठा, की पूर्वी माणसं, दादा आणि काकाही, रांगत आत शिरून गाळ काढायची. आत हाक मारली तर आवाज घुमतो, कोण बोलतंय कळत नाही. म्हणून प्रत्येकाची ठोकायची खूण ठरलेली असे. दादाची सलग तीन. आणि एक, मग थांबून दोन, ही खुद्द काकांची.

"मॅडम, जरा थांबा... आत कोणीतरी आहे."

"सकाळीच कॅमेरा फिरवलाय, काका. गाळावर साधा ओरखडा नाही." तरी त्यांनी सळई कानाला लावली. क्षणभर ऐकलं. "लोखंड आहे. ऊन उतरलं की वाजतं," त्या समजुतीने म्हणाल्या, पण सळई त्यांनी जरा घाईनेच परत दिली.

पुन्हा एक. मग थांबून दोन. सिमेंटची गाडी सुरू झाली. आता नाही बोललो तर कधीच नाही, हे काकांना कळून चुकलं. ते उठून वहिनींसमोर जाऊन उभे राहिले.

"वहिनी, दादा स्वतःच्या मनाने आत गेला नव्हता. त्या दिवशी पाळी माझी होती. मला ताप होता. आणखी एक खाडा पडला असता तर नोकरी गेली असती. म्हणून तो तोंडाला फडकं बांधून माझ्या नावाने गेला. माझी खूण ठोकत होता..."

काकांनी व्हॉल्व्हच्या दिशेने हात केला.

"दुपारी ताप उतरला. राहवेना, म्हणून आलो. व्हॉल्व्हपाशी मुकादम होता. त्याने मला बघितलं, म्हणाला, आलास बाहेर? नाही म्हटलं असतं तर आमची अदलाबदल उघडी पडली असती. मी म्हटलं, आलो. वाटलं, पळत जाऊन दादाला हाक मारतो. शंभर पावलं सुद्धा गेलो नसेन... त्याने पाणी सोडलं."



"पोरीला मी एवढंच सांगत आले," वहिनी म्हणाल्या. "तुझा बाप कोणाचं ऐकायचा नाही, म्हणून गेला."

"हो."

"तिच्या लग्नात तुम्ही बापाच्या जागी उभे होतात."

"हो, वहिनी." काकांना रडू आवरेना.

वहिनी उठल्या. गाडीवाल्याचा पाना उचलून पाइपच्या तोंडाशी गेल्या. "त्यांची खूण कोणती?"

"सलग तीन."

त्यांनी तीनदा ठोकलं. आतून उत्तर आलं, सलग तीन, आणि आता सळईची गरज नव्हती. मग कोणीतरी रांगत यावं तसा घासल्याचा आवाज जवळ जवळ येत गेला आणि तोंडाशी थांबला. मॅडमनी टॉर्च मारला. ओल्या गाळावर तळहातांचे आणि गुडघ्यांचे ठसे होते, थेट काठापर्यंत आलेले. परत फिरलेला एकही नव्हता.

वहिनींनी पदराने डोळे पुसले. "चला घरी," त्या म्हणाल्या. ते काकांना नव्हतं. मग त्या पायवाटेने निघाल्या, एका कडेने, शेजारी एका माणसापुरती जागा ठेवून.

त्या वळणाआड दिसेनाशा झाल्या. मग मॅडमनी हळूच कागद पुढे केला. सहीआधी शेवटचा कान लावायचा नियम होता. काकांनी सळई टेकवली. पार आत, तुकड्याच्या मधोमध, ठोकलं गेलं. एक. मग थांबून दोन.

दादा तर गेला होता. आणि ही खूण ज्याची होती, तो मुकादमाला ‘आलो’ म्हणालेला माणूस इथे उन्हात उभा होता.

"काही आहे का, काका?"

"नाही," काका म्हणाले, आणि त्यांनी सही केली.

सिमेंट आत पडू लागलं. सळई काढायचं त्यांना सुचलं नाही. खूण आणखी दोनदा आली, आणि दुसऱ्यांदा ती फार घाईने ठोकलेली होती.