चौथ्या मजल्याचं दार

"माझा भाऊ दोषी आहे असं लोक म्हणतात, ते मी सोसेन," बाई म्हणाल्या. "पण आता तोही तेच म्हणायला लागलाय. त्याचं काय करू?"

खासगी तपास करणारे चिकटराव ऐकत होते. प्रकरण हाती घेतलं की सोडत नाहीत, म्हणून त्यांना हे नाव पडलं होतं. शेजारी त्यांचे मेहुणे बसले होते. चित्रकला शिकवून निवृत्त झाल्यावर त्यांनी भावजींच्या मागे फिरण्याचा उद्योग धरला होता.

बाईंचा भाऊ लिफ्टचा मेकॅनिक. गुरुवारी एका सात मजली इमारतीत, चौथ्या मजल्यावरच्या आजोबांनी लिफ्टचं दार ओढलं. दार उघडलं, पण मागे लिफ्ट नव्हती. आजोबा खाली कोसळले ते गेलेच. गच्चीवरच्या मशीनरूममध्ये पोलिसांना वीतभर वायर जोडलेली सापडली. ती जोडली की दार उघडं असलं तरी लिफ्टला ते बंदच वाटतं आणि ती धावत राहते. मेकॅनिक दुरुस्तीपुरती ती जोडतात आणि जाताना काढतात. भाऊ सोमवारी तिथं येऊन गेला होता. आता कोठडीत तो "विसरलो असेन" एवढंच म्हणत होता.

मेहुण्यांना वाटलं, विसरलाच असणार, माणूस आहे.

इमारतीत चिकटरावांनी आधी चौथ्या मजल्याच्या दाराच्या लॉकवर बोट फिरवलं. लॉक झिजून गुळगुळीत झालं होतं; लिफ्ट नसतानाही दार ओढलं की उघडत होतं.

"मेकॅनिक ना? तऱ्हेवाईक गडी," वॉचमन म्हणाला. "वर काम करताना एक बूट काढतो आणि हातभर लांब लाल वायरच्या टोकाला बांधतो."

"बूट पळून जाईल म्हणून असेल," मेहुणे हसून म्हणाले.

"सोमवारी तो जाताना पाहिलात?" चिकटरावांनी विचारलं.

"पाहिला की. दोन्ही बूट घालून गेला. मंगळवारी माझी सुट्टी होती."

मग सरकारी तपासनीसाची पाळी. बुधवारी त्यानंच लिफ्ट पास केली होती.

"सगळी दारं मी स्वतः ओढून पाहिली," तो म्हणाला.

"मशीनरूमची किल्ली कुणाकडून घेतलीत?"

तपासनीसानं हातातलं पेन टेबलावर टाकलं. "अहो, अख्ख्या शहराच्या लिफ्ट माझ्या एकट्याच्या गळ्यात. अपघात झाला की वरचे फी वाढवतात, माणसं वाढवत नाहीत. मी खालीच चहा घेतला आणि सही केली."

इमारतीचा सेक्रेटरी म्हणजे गेलेल्या आजोबांचाच मुलगा. विजेच्या सामानाच्या आपल्या दुकानात तो बसला होता. डोळे रडून सुजलेले.

"त्या मेकॅनिकला मी सोडणार नाही," तो म्हणाला.

"लिफ्ट आधीपासून त्रास देत होती?"

"रोज चौथ्यावर अडकायची. नवं लॉक आणायचं म्हटलं की बिऱ्हाडं माझ्या अंगावर येतात. तपासणीची फी, नापास झालो की पुन्हा फी. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, अशी माझी गत."

"सोमवारी दुरुस्ती झाली ना?"

"कसली? नवं लॉकच हवं म्हणून तो निघून गेला. मंगळवारी पाचव्यावरच्या काकू पुन्हा चौथ्यावर अडकल्या. वॉचमन नव्हता. मीच वर गेलो, मेन स्विच बंद करून चालू केला. त्यानंतर एकदाही अडकली नाही."

बाहेर पडल्यावर मेहुणे म्हणाले, "भावजी, बिचाऱ्याचा बाप गेलाय. फार खोदू नका."

"खोदायला काही उरलंच नाही," चिकटराव म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता.

संध्याकाळी इमारतीच्या ऑफिसात त्यांनी सेक्रेटरीला आणि बाईंना समोरासमोर बसवलं.

"मेकॅनिक त्या वायरला बूट बांधतो, ती काढायला विसरू नये म्हणून. एका पायात बूट घालून घरी कोण जाईल? सोमवारी तो दोन्ही बूट घालून गेला, म्हणजे वायर काढून गेला. शिवाय त्याची वायर हातभर, सापडली ती वीतभर. आता मंगळवार. वायर जोडलेली असती तर काकू अडकल्याच नसत्या. लॉक झिजून दार नीट लागत नव्हतं, म्हणून लिफ्ट अडकत होती; हा तिचा शहाणपणा होता. लॉक आजही तसंच आहे, तरी मंगळवारनंतर ती अडकली नाही. स्विच बंद करून झिजलेलं लोखंड भरून येत नाही. त्या दिवशी वर कोण गेलं, ते तुम्हीच सांगितलंत. बुधवारी तपासनीस वर गेला असता, तर वायर दिसली असती."

मेहुण्यांनी मान खाली घातली. सेक्रेटरीनं खिशातल्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या.

"तपासणी पार पडली की काढणार होतो. वाटलं, हे नियम नुसते फी उकळायला. येणारा तर वर चढतही नाही." मग तो म्हणाला, "बाबा गेले तेव्हाच मला कळलं होतं. घरी आईला काय सांगणार? मेकॅनिकचं नाव तोंडात आलं."

बाई भांडायच्या तयारीनं आल्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "माझ्या भावाला येऊन सांगा. माझं तो ऐकत नाही."

पोलीस ठाण्यात सेक्रेटरी गजांसमोर उभा राहिला. "वायर मी लावली," तो म्हणाला. "बाबा माझ्यामुळे गेले."

मेकॅनिक उठून गजांजवळ आला. त्याला नीट ऐकू आलं नव्हतं, की विश्वास बसत नव्हता, हे मेहुण्यांना कळेना.

"पुन्हा सांगा," तो म्हणाला.

सेक्रेटरीनं पुन्हा सांगितलं.