काचेखालचं पाणी

वारा असा सुटला होता, की हातातली भलीमोठी काच घरी पोचते की आपणच उडून जातो, याची तिला धास्ती वाटू लागली. तेवढ्यात समोरून येणाऱ्या एकाने काही न विचारता काचेचं दुसरं टोक धरलं.

"कुठवर?"

"तिसरा मजला... आणि वर गच्ची."

"बाप रे! आजचा व्यायाम झाला म्हणायचा."

काच मधे धरून दोघं जिना चढले. तो काचेतून तिच्याकडे बघत होता आणि ती पायऱ्यांकडे बघण्याचं नाटक करत होती. कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानात तो भिंगं घासायचा. ती घरी बसून भाषांतरं करायची. आई गेल्यापासून दिवसचे दिवस तिला कुणाशी चकार शब्द बोलायची वेळ येत नसे. आज स्वतःचाच आवाज तिला परका वाटला.

बोअरिंगचं पाणी मचूळ, म्हणून तिने गच्चीवर हा उद्योग आरंभला होता. आतून काळा रंगवलेला पत्र्याचा उथळ डबा, त्यात ते पाणी, वर काच. उन्हाने वाफ व्हायची, ती काचेला लागून गार झाली की तिचे थेंब धरायचे, ओघळून पन्हळीतून बाटलीत पडायचे. निदान बेत तरी असा होता.

"काच सपाट ठेवणार?" त्याने विचारलं.

"आत नीट दिसतं ना."

"दिसेल हो, पण थेंब जागच्या जागी परत डब्यात पडतील. जरा उतार द्या बिचाऱ्यांना."

"गिऱ्हाइकांशीही असंच बोलता?"

"छे! गिऱ्हाइकं ऐकतात."

ती खळखळून हसली, आणि हसल्यावर उगाचच डोळे भरून आले.

मग दुकान बंद झालं की तो यायचा. त्याने काचेला उतार दिला, कडांच्या फटींत काच बसवायची लांबी भरली. एका संध्याकाळी बाटलीच्या तळाशी घोटभर पाणी जमलं. दोघांनी वाटून प्यायलं.

"चवच नाही," ती म्हणाली.

"जमलं म्हणजे! उद्या बाटली भरेल बघा."

तिच्या मनात आलं, बाटली भरली की हा कशाला येईल?

दुसऱ्या दिवशी भरलेली बाटली तिने मोरीत रिकामी केली आणि तो आल्यावर चेहरा पाडून म्हणाली, "आज काहीच नाही..."

बरेच दिवस असं चाललं. त्याने लांबी खरवडली, पुन्हा भरली, पन्हळ बदलली. शेवटी एकदा हात पुसत तो उठला.

"मला नाही जमत हे. एखाद्या जाणकाराला बोलवा. मी उगाच तुमचा वेळ खातोय."

पिशवी उचलून तो जिना उतरू लागला. आता आपण गप्प बसलो तर संपलंच, हे तिला कळत होतं.

"अहो, थांबा! पाणी येतं... रोज येतं. मीच ओतून टाकते."

तो वळला. "का?"

"पाणी मिळालं की तुम्ही येणं बंद कराल — म्हणून."

त्याने पिशवी पायरीवर ठेवली. मग हळूच म्हणाला, "आणि मला वाटलं, मी नुसताच येऊन बसलो तर तुम्हाला आवडणार नाही."

"बसा की!" ती घाईने म्हणाली आणि मग ओशाळली. "पण... घरात खुर्ची एकच आहे."

"आज उभा राहतो," तो वर येत म्हणाला. "उद्या येताना माझी घेऊन येईन."