हो म्हणू नका!

“हो म्हणू नका!”

उन्मेष माझ्याशी पहिल्यांदा बोलला तो हे. मला बघायला आला असता तर मी खरंच नसतं म्हटलं… पण आम्ही उभे होतो दादरच्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात. माझी हार्ड डिस्क उघडत नव्हती. ‘फॉरमॅट करू?’ असं स्क्रीन विचारत होता आणि दुकानदार माझ्या होकारासाठी खोळंबला होता.

“हो म्हटलंत तर सगळं पुसलं जाईल,” मागे उभा असलेला तो चष्मेवाला म्हणाला. “काय आहे त्यात?”

“बाबांचा आवाज.”

घशाच्या ऑपरेशननंतर बाबा बोलत नाहीत. एके काळी गणपतीतल्या दशावतारात त्यांनी रंगवलेला संकासुर राक्षस बघायला अख्खी काळाचौकी लोटायची. त्याचं एकुलतं एक रेकॉर्डिंग त्या डिस्कमध्ये. माझे डोळे भरले, तसा तो गडबडला.

“मी… संध्याकाळी लॅपटॉप घेऊन येऊ? तुमच्या शेजारच्याच चाळीत राहतो.”

माझी चाळ याला कशी ठाऊक, हे मला तेव्हा सुचलंच नाही.

संध्याकाळी तो आला. बाबा खाटेवर मांडी घालून बसले. उन्मेषने लॅपटॉपवर एक काळी खिडकी उघडली आणि टकाटक टाइप करायला लागला.

“माउस नाही लागत?”

“इथे हुकूम लिहून द्यायचा. ही बघा, डिस्क दिसतेय! आता ती नुसती वाचण्यापुरती जोडू. पण आधी तिच्यासाठी एक रिकामा फोल्डर करावा लागतो. नाव काय देऊ?”

“माझंच दे की. अपेक्षा.”

त्याची बोटं थांबली. “दुसरं… काहीतरी?”

“का? वाईट आहे?”

“छे छे!” त्याने टाइप केलं. मशीनने लगेच उलट उत्तर दिलं.

“काय म्हणतंय?”

“म्हणतंय… अपेक्षा आधीपासूनच आहे.”

“अय्या! आपण तर आज भेटलो!”

त्याचे कान लालबुंद. “मागच्या गणपतीत तुम्ही नाटकात होता ना… मी लाइटवर होतो. तुमचे फोटो मागायचे होते, म्हणून फोल्डर करून ठेवला. धाडस नाही झालं. रिकामाच आहे तो.”

मी हसू दाबलं. “मग त्यालाच जोड.”

त्याने जोडलं. काहीच होईना… माझा जीव टांगणीला. मग फाइलींची नावं भराभर उमटली, मृदंग वाजला आणि बाबांचा खणखणीत आवाज खोलीभर झाला. बाबांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी तर रडलेच. उन्मेष माझ्याकडे बघत राहिला.

“काही बोलायचंय का?” मी विचारलं.

“नाही… म्हणजे…”

तेवढ्यात लॅपटॉपमधून संकासुर गरजला, “अरे मेल्या, गप कित्याक रवलंस? बोल मरे!”

बाबांनी तोंडावरचे हात काढले. पोट धरून हसत होते ते, आवाजाशिवाय. उन्मेषकडे बोट दाखवून मान डोलवत होते.

“तू मला आवडतेस,” तो एका दमात म्हणाला. “आता… काय म्हणशील?”

“तूच सांगितलंस ना, हो म्हणू नका?”

“अगं, ते फॉरमॅटला!”

मग मी हो म्हटलं. बाबांनी बोटानेच खूण केली, पुन्हा पहिल्यापासून लाव.