सहावं चाक

आधीच सांगतो, ज्याला हे खोटं वाटणार असेल त्याने इथेच थांबावं. खाली कमेंटमध्ये येऊन "वारा असेल, मांजर असेल" असलं शहाणपण मला शिकवू नये. वारा मोजून पाचच ठोके देत नाही. आणि हे घडलं ते माझ्या सख्ख्या मामाच्या घरात. मामीने स्वतःच्या तोंडाने मला सांगितलं. शेवटचं तर मी स्वतः अनुभवलं.

वेळ रात्रीची नव्हती. भुतांनी रात्रीच यायचं हे कुणी ठरवलं, देव जाणे. पहाटेचे साडेपाच, नुकतं उजाडत होतं. मामीच्या स्वयंपाकघरामागे पत्र्याचं कुंपण घातलेलं अंगण, आणि अंगणात मामाचा जुना ट्रक.

मामाला जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते.

तीस वर्षं मामाने तो एकच ट्रक चालवला. त्याचा एक नियम होता. गाडी सुरू करायच्या आधी हातात टॉमी घ्यायची, म्हणजे टायर काढायची ती लोखंडी पहार, आणि गाडीभोवती फिरत प्रत्येक टायरवर एक ठोका द्यायचा. हवा भरपूर असली की ठण्ण. कमी असली की ढब. ड्रायव्हरच्या बाजूच्या पुढच्या चाकापासून सुरुवात, मग मागची चार, आणि शेवट पलीकडच्या पुढच्या चाकावर. सहा टायर, सहा ठोके. या क्रमात कधी फरक पडला नाही.

मामी आत चहाचं आधण ठेवून ठोके मोजायची. सहावा पडला की चहा गाळायचा.

"टायरांची रोज विचारपूस करतात," ती म्हणायची. "मी तापाने फणफणले तरी कधी कपाळाला हात लावला नाही या माणसाने."

राग मामीच्या नाकावरच असायचा. मामा तिच्याहून तापट. आणि त्यांचा मुलगा दोघांच्या वरताण. लहानपणी तोंडाने ट्रकचा आवाज काढत गल्लीभर पळायचा, म्हणून सगळे त्याला इंजिन म्हणायचे. खाण तशी माती. त्या घरात कुणी नुसतं मीठ मागितलं तरी शेजाऱ्यांना वाटायचं, पेटलं आता.

मामा झोपेतच गेला आणि ट्रक इंजिनच्या हातात आला.

इंजिनला गाडी भारदस्त दिसायला हवी होती. वजनही जास्त भरायचं होतं. कुठून तरी त्याने मोठ्या ट्रकचे सहा वापरलेले टायर आणले. चांगले रुंद, जाडजूड. आणि मामाच्या गाडीच्या डिस्क, म्हणजे टायर ज्यावर चढतो ती लोखंडी चाकं, जुन्या मापाच्या, अरुंद.

कोपऱ्यावरच्या टायरवाल्याने ते बघून हातच जोडले.

"मी नाही बसवणार बाबा. टायरच्या कडा आत ओढल्या जातात, टायर बाजूंनी फुगतो, आणि त्याला धरून ठेवणारी ती लोखंडी रिंग खाचेत नीट बसत नाही. पाच नंबरच्या पायात आठचा बूट घालून माणूस एक वेळ चालेल. पळायला लागला की तोंडावर पडेल."

"मग तू बुटांचंच दुकान टाक," इंजिन म्हणाला. दोन दिवस अंगणात स्वतः खपून त्याने सहाही टायर चढवले.

"तुझ्या बापाने हे होऊ दिलं नसतं," मामी म्हणाली.

"बाप नाहीये आता."

दुसऱ्या दिवशी पहाटे मामी नेहमीसारखी चहा ठेवत होती.

आणि...

ठण्ण.

ठण्ण.

मामीचं लक्षच नव्हतं. तीस वर्षांची सवय. तिने गाळणं हातात घेतलं.

ठण्ण. ठण्ण. ठण्ण.

गाळणं कपावर धरून ती सहाव्याची वाट बघत राहिली.

सहावा आलाच नाही.

मग तिला आठवलं, ठोके देणारा माणूस आठ महिन्यांपूर्वी गेलाय. गाळणं हातातून पडलं.

तिने दार उघडलं. अंगणात कुणी नव्हतं. फाटकाला आतून कडी. आत इंजिन आणि सून गाढ झोपलेले. टॉमी दारामागच्या खिळ्यालाच अडकवलेली होती.

पण... ती हळूहळू हलत होती.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही. पाच ठोके, आणि नेमकी सहाव्याची वेळ आली की सगळं गप्प.

दुसरी एखादी बाई घर सोडून पळाली असती. मामीची भीती जेमतेम दोन दिवस टिकली, मग तिला आला राग. "जिवंतपणी धड बोलला नाहीत, आता मेल्यावर तरी सरळ सांगायचं होतं! सुंभ जळला तरी पीळ काही जात नाही."

पण तिला कळलं होतं. सहावं म्हणजे पलीकडचं पुढचं चाक. त्या चाकात काहीतरी खोट होती, आणि मामा तेच सांगत होता. आपला पोरगा त्या चाकावर मरणार, हे मामीच्या डोक्यात पक्कं बसलं.

तिने इंजिनला सांगितलं. तो उसळलाच.

"जिवंत होते तेव्हा रोज माझं डोकं खाल्लं. आता मेल्यावरही सुट्टी नाही? उद्या मी स्वतः केबिनमध्ये बसतो. कोण हरामखोर वाजवतोय ते बघतोच."

चौथ्या दिवशी पाच वाजल्यापासून तो केबिनमध्ये जाऊन बसला. मामी स्वयंपाकघराचं दार किलकिलं करून उभी राहिली. साडेपाचला पाच ठोके पडले. स्पष्ट. जवळून. आणि मग ती शांतता...

बराच वेळ इंजिन खालीच उतरला नाही.

मग तो आत आला. हात धुतले. मामी चहात साखर घालायला विसरली होती, तरी त्याने तो एका दमात संपवला.

"काय रे? दिसलं कुणी?"

"कुणी वाजवलंच नाही."

"अरे, पाच ठोके पडले! मी इथून मोजले!"

"तुझे कान वाजतात, आई," तो म्हणाला. मान खाली घालून म्हणाला.

त्याच संध्याकाळी ट्रकमध्ये माल भरला. सिमेंटचे पाइप, गच्च. टायर बाजूंनी असे फुगले की बघवेना. सकाळी निघायचं होतं, वाटेत सुनेला तिच्या माहेरी सोडायचं होतं. ती बसणार कुठे? त्याच सहाव्या चाकाच्या वर.

पहाटे पुन्हा पाचच ठोके पडले.

मामी सरळ गाडीसमोर जाऊन उभी राहिली.

"ते एक चाक बदल. जुने टायर शेडमध्येच आहेत. फक्त ते एक."

"आई, बाजूला हो. माल दहाला पोचवायचाय."

"मग सुनेला तरी खाली उतरव!"

"मी बसने जाते ना," सून घाबरून म्हणाली.

"कुणी बसने जाणार नाही!" इंजिन ओरडला. "या घरात एका मेलेल्या माणसाचं चालतं, माझं नाही! सांग ना, कधी चालणार माझं?"

आणि तो पाय आपटत आत कागद आणायला गेला.

मामी तीस वर्षं ड्रायव्हरची बायको होती. हवा कुठून काढतात हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. ती त्या चाकापाशी बसली, व्हॉल्व्हचं झाकण काढलं, आतली पिन काढली.

फुस्स्स...

ट्रक हळूहळू त्या कोपऱ्यावर कलला. हवेचा आवाज थांबेपर्यंत मामी तिथेच बसून राहिली. मग उठून पदराला हात पुसत म्हणाली, "आता जा बघू कसा जातोस ते."

इंजिन बाहेर आला. त्याने ते पाहिलं. तळपायाची आग मस्तकात गेली, पण आईवर हात कसा उचलणार? त्याने मडगार्डवर अशी मूठ मारली की बोटांची सालटं निघाली. सून टायरवाल्याला बोलवायला पळाली. मामीने स्वयंपाकघरात जाऊन दार धाडकन लावलं आणि रागारागाने पुन्हा चहा ठेवला. पण मनात कुठेतरी समाधान होतं. पोरगा आज जात नाही. बस्स.

बाहेर ट्रक सुरू झाला.

मामीला वाटलं, राग काढतोय, काढू दे.

तो राग काढत नव्हता. टायरवाला यायची वाट बघायला त्याला धीर नव्हता. पिन परत बसवून, गाडी सुरू करून त्याने तिच्याच ब्रेकच्या हवेच्या टाकीतून नळी लावली होती आणि चाकात हवा भरत होता.

टायरवाल्याने नंतर सांगितलं, अशी पूर्ण हवा उतरली, वरून मालाचं वजन आलं, की रिंग जागची हलते. मग चाक काढून, उघडून बघितल्याशिवाय त्यात हवा भरायचीच नसते, नाहीतर रिंग तोफगोळ्यासारखी उडते. आधीच अरुंद डिस्क, त्यावर रुंद टायर, त्यात हललेली रिंग. सांगायला तो येतच होता. गल्लीच्या तोंडाशी पोचला होता.

चहाला उकळी आली होती.

आणि सहावा आवाज आला.

खिडकीच्या काचा खाली आल्या. इंजिन त्या चाकासमोर उकिडवा बसला होता. याहून जास्त माझ्याकडून लिहवणार नाही.

मामीला कुणी दोष दिला नाही. सगळे म्हणाले, अपघात. सून माहेरी गेली ती परत आली नाही. ट्रक भंगारात गेला, टॉमी त्याच्याबरोबरच गेली. ठोकेही थांबले.

दीड वर्षाने मी एका कामासाठी तिकडे गेलो आणि मामीकडेच मुक्काम केला. पहाटे आरडाओरड्याने जाग आली. मामी रिकाम्या अंगणात उभी होती. हातात काही नव्हतं. मामाला तिने जन्मभर "अहो" म्हटलं होतं. त्या दिवशी ती त्याला अरे-तुरे करत होती.

"मला का सांगितलंस? पोरगा वाचवायचा होता तर पोराच्या कानाशी ठोकायचं होतंस! वाचवायचं होतं की न्यायचं होतं? आणि न्यायचंच होतं तर ते माझ्या हाताने का करवून घेतलंस? बोल ना! रोज विचारते. आताच का दातखीळ बसली?"

मी तिला आत आणायला उंबऱ्यापर्यंत गेलो.

तेवढ्यात...

ठण्ण.

एकच. त्या मोकळ्या अंगणात, जिथे वाजण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

मामी गर्रकन वळली. मला बघितलं आणि धावत येऊन माझे दोन्ही दंड धरले.

"ऐकलंस ना? तूसुद्धा ऐकलंस ना आता?"

मी ऐकलं होतं. छातीत वाजावं इतकं स्पष्ट ऐकलं होतं. पण माझ्या डोक्यात एकच विचार आला. ज्याला ऐकू येतं, त्याच्याच हातून तो काम करून घेतो.

"नाही मामी," मी म्हणालो. "कुणी वाजवलंच नाही."

तिने माझे दंड सोडले.

"तोही अगदी असंच म्हणाला होता," ती म्हणाली, आणि आत गेली.

म्हणजे इंजिननेही त्या दिवशी ऐकलं होतं? ऐकूनही, निव्वळ रागापोटी, तो त्या चाकासमोर जाऊन बसला?

मी सकाळची पहिली बस धरली. मामीचे फोन येतात, मी उचलत नाही. माझा मलाच संताप येतो. त्या बाईला माझ्याकडून एक "हो" हवा होता, दुसरं काही नको होतं. पण मी "हो" म्हणालो असतो, तर पुढचे ठोके कुणाच्या दारात पडले असते, हे मला कुणीतरी सांगा.