साठाला चाळीस

फोन मोठ्या साहेबांचा होता, आणि त्यांनी सुरुवातच मध्यापासून केली.

"पोस्टमनच्या अपघाताचा कागद अजून माझ्या टेबलावर नाही. मीटरवाल्याचं नाव घाला, त्याला आत घ्या आणि सहाच्या आत मला कळवा."

"साहेब, मला जरा एक..."

फोन केव्हाच ठेवला गेला होता.

फौजदारबाई उठल्या, खिडकीपर्यंत गेल्या, परत येऊन बसल्या आणि पुन्हा उठल्या. ठाण्यातले लोक पाठीमागे त्यांना भिंगरी म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं आणि नाव काही चुकीचं नव्हतं. आज मात्र पायांपेक्षा डोकंच जास्त फिरत होतं. प्रकरण सरळ होतं. इतकं सरळ, की घशाखाली उतरत नव्हतं.

चार दिवसांपूर्वी भर दुपारी एका निवृत्त प्रोफेसरांच्या जुन्या गाडीने सायकलवरच्या पोस्टमनला उडवलं. बिचारा मांडीचं हाड मोडून दवाखान्यात पडला होता. त्या रस्त्यावर चाळीसच्या वर जायला बंदी. टायर घासल्याच्या खुणा सांगत होत्या, गाडी साठने आली. प्रोफेसर छातीठोक सांगत होते, काटा चाळीसवर होता. मग तज्ज्ञाने गाडीचं मीटर तपासलं, तर साठाच्या वेगाला ते खरंच चाळीस दाखवत होतं. झालं. प्रोफेसर मोकळे, आणि आठवड्यापूर्वी ज्याने ते मीटर मापून दिलं होतं तो म्हातारा अडकला.

म्हातारा बाहेर बाकावर बसला होता. गुडघ्यांवर हात, नजर जमिनीवर.

"काका, चुकलं असेल का हो तुमच्या हातून?"

"माणूस आहे बाई, चुकतो. एखाददुसऱ्या आकड्याने चुकेन. वीसने?" त्याने मान हलवली. "काल दोघं जण येऊन आपापली मीटरं परत घेऊन गेले. चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं. आत टाकलंत तर दुकान संपलंच म्हणायचं."

बाई आत टेबलापाशी गेल्या. त्यांनी तज्ज्ञाचा कागद पुन्हा काढला. अख्ख्या पानावर शिक्के चार आणि माप एकच. साठाला चाळीस. गड्याने एकदाच तपासलं आणि हात झटकले होते.

"हवालदार, ते मीटर काकांच्या दुकानात न्या. काकांनाही न्या. मी येईपर्यंत कोणी त्याला हात लावायचा नाही."

प्रोफेसरांचं घर अपघाताच्या जागेपासून तीनशे पावलांवर होतं. दिवाणखान्यात पाऊल टाकताच सगळीकडून टिकटिक ऐकू आली. भिंतींवर घड्याळं, कपाटावर घड्याळं. खिडकीपाशी प्रोफेसरांची थोरली बहीण डोळ्याला भिंग लावून एका उघड्या घड्याळावर वाकली होती. वडिलांचं दुकान तिने तीस वर्षं चालवलं, आता हौस म्हणून करते, असं प्रोफेसरांनीच सांगितलं. ते स्वतः खुर्चीत बसले होते. उजवा हात बोटांपासून कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये.

"हा हात कधी बांधला?"

"अपघात झाला त्याच संध्याकाळी. चमचासुद्धा धरता येत नाही. ताई भरवते."

"आणि गाडी?"

"आमच्या नेहमीच्या मेकॅनिकने ढकलत गॅरेजात आणून लावली. दुसऱ्या दिवशी दुपारी तुमचे लोक घेऊन गेले."

"गॅरेजची किल्ली?"

"एक मेकॅनिककडे, एक इथे दारामागे."

"मीटर मुळात मापून का घेतलंत?"

"नवे टायर घातले. जुन्या मापाचे मिळत नाहीत, हे जरा मोठे आहेत. मोठं चाक त्याच फेऱ्यांत जास्त अंतर कापतं, म्हणून मीटर नव्याने लावून घ्यायला लागतं. आता लावणाऱ्याने माती खाल्ली तर मी काय करू?"

बाई खोलीत येरझारा घालत होत्या. त्या बहिणीपाशी थांबल्या.

"ताई, तुम्ही गाडीत होतात?"

"त्याच्या शेजारी."

"काटा पाहिलात?"

"अपघाताच्या वेळी नाही. मी रस्त्याकडे बघत होते." तिने भिंग उतरवलं. "निघताना पाहिला. गाडी फाटकातून संथ चालीने बाहेर पडत होती आणि काटा अलगद उठून दहावर आला. जरा म्हणून थरथर नाही. मी याला म्हटलंही, माणसाने काम काय सुरेख केलंय."

"सुरेख कसलं," प्रोफेसर म्हणाले. "माणूस मरता मरता वाचला."

बाई तिथून निघाल्या तेव्हा साडेतीन वाजले होते. सगळ्या घड्याळांत साडेतीनच वाजले होते, एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही.

मीटरवाल्याचं दुकान म्हणजे एक टेबल, एक स्टूल आणि भिंतभर छोटे खण. टेबलावर एक मोटर होती. ती मीटरची केबल ठरावीक वेगाने फिरवायची, म्हणजे गाडी न हलवताही काटा तपासता येई.

"काका, साठाला लावा."

मोटर घुमली. काटा चाळीसवर येऊन थांबला. म्हाताऱ्याने डोळे मिटून घेतले.

"आता ऐंशीला."

"साठ दाखवतंय."

"चाळीसला?"

"वीस."

"पंधराला?"

काटा हललाच नाही. शून्याजवळच्या बारीक पिनेला टेकून तसाच पडून राहिला. बाईंची येरझार थांबली. हवालदाराने चमकून वर पाहिलं, कारण असं सहसा होत नसे.

"काका, मीटर मापायचं म्हणजे तुम्ही नेमकं काय करता?"

"आत चुंबक फिरतं, ते काट्याला ओढतं. केसासारखी स्प्रिंग त्याला मागे खेचते. ती स्प्रिंग सैल करायची नाहीतर आवळायची. सगळा खेळ तिचा."

"ती चुकून जास्त आवळली गेली तर?"

"तर कमी दाखवेल. पण हिशेबात. साठाला वीसने कमी, तर तीसला दहाने कमी. जेवढा वेग तेवढी चूक." बोलता बोलता म्हातारा मोटरकडे बघत राहिला. "बाई, इथे तर सगळीकडे वीसच..."

"हवालदार," बाई म्हणाल्या, "प्रोफेसरांना, त्यांच्या ताईंना आणि त्या मेकॅनिकला घेऊन या. आत्ताच्या आत्ता."

पाच वाजता ते छोटं दुकान गच्च भरलं होतं. प्रोफेसर स्टुलावर बसले, बाकीचे उभे. मेकॅनिक दारात हात पुसत होता.

"सहा वाजता मला काकांना आत टाकायचंय," फौजदारबाई म्हणाल्या, "त्यामुळे थोडक्यात सांगते. हे मीटर प्रत्येक वेगाला बरोब्बर वीसने कमी दाखवतं. स्प्रिंग चुकली असती तर फरक कमीजास्त झाला असता. सगळीकडे सारखा फरक एकाच कारणाने पडतो. कोणीतरी काटा उपटला आणि वीस घरं मागे बसवला. आता सांगा, कधी?"

उत्तराची वाट न पाहता बाईंनी मीटर उचलून सगळ्यांना दाखवलं.

"वीसच्या आत हा काटा हलत नाही, आम्ही आत्ताच पाहिलं. पण अपघाताच्या दिवशी गाडी फाटकातून निघताना तो दहावर आला होता. म्हणजे निघताना मीटर ठणठणीत होतं. काटा हलवला तो अपघातानंतर, गाडी गॅरेजात उभी असताना."

"किल्ली माझ्याकडेही होती," मेकॅनिक घाईने म्हणाला, "पण आईशपथ, मी मीटरला कधी बोट लावत नाही."

"माहीत आहे. तुम्हाला मीटर बिघडवायचं असतं तर केबल कापून मोकळे झाला असता. काका करते तर स्प्रिंगला हात घातला असता, ती त्यांची सवय. प्रोफेसरांना चमचा धरता येत नाही." बाई वळल्या. "पण घड्याळ वीस मिनिटं पुढे असलं तर घड्याळजी काय करतो? काटा उचलतो आणि वीस मिनिटं मागे ठेवतो. स्प्रिंगच्या भानगडीत पडतच नाही. मीटरवर तीच सवय लागू केली आणि तिथेच फसलं. दहावरच्या काट्याचं कौतुकही तुमच्याच तोंडून आलं, ताई. चांगलं काम बघून तुम्हाला राहवलं नाही."

बहिणीने पदर सावरला. चेहरा पांढराफटक पडला होता, पण आवाज स्थिर होता.

"काचेभोवतीची कडी डबीच्या झाकणासारखी फिरवली की निघते. काटा मागे बसवून, मग उचलून पिनेला टेकवला, म्हणजे उभ्या गाडीत तो शून्यावरच दिसतो. पाच मिनिटांचं काम होतं. मीच केलं."

"ताईचं वय झालंय," प्रोफेसर एकदम म्हणाले. "तिला काय कळतंय? काहीतरी केलं असेल भलतंच. मला यातलं काडीचंही ठाऊक नाही. मी पाहिला तेव्हा काटा चाळीसवरच होता."

बहीण त्यांच्याकडे बघत राहिली. आई गेल्यावर या भावाला तिने वाढवलं होतं, चार दिवसांपासून घास भरवत होती. त्याने सांगितलं म्हणून नाही, आपणहून ती त्या गॅरेजात गेली होती. तो तिला अशी वाऱ्यावर सोडेल हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. तिच्या डोळ्यांत ते सगळं एका क्षणात उतरलेलं बाईंना दिसलं आणि त्यांना नजर वळवावीशी वाटली.

"काटा साठवर होता," बहीण म्हणाली. "मी दोनदा म्हटलं, हळू घे. तू म्हणालास, नव्या टायरवर म्हातारी किती पळते बघू तरी."

"ताई..."

"बाई, लिहून घ्या. मी सही करते. आणि आधी मी लपवलं, तेही लिहा."

प्रोफेसरांनी प्लास्टरचा हात मांडीवर ओढून घेतला आणि खाली मान घातली. हवालदाराने कागद पुढे केला. तिने स्वच्छ अक्षरात सही केली आणि मग ती टेबलापलीकडे उभ्या असलेल्या म्हाताऱ्यासमोर गेली.

"तुमचं नाव मध्ये येईल हे मला कळत होतं. भाऊ वाचावा एवढंच बघितलं मी. तुमच्या कामात काही म्हणजे काही खोट नव्हती."

म्हाताऱ्याने टेबलावरचं मीटर उगाच जवळ ओढलं. रागवावं की काय करावं हेच त्याला समजत नसावं.

"दोन रात्री मी झोपलो नाही, ताई," तो म्हणाला. "तुरुंगाचं नाही एवढं वाटलं. पण मलाच पटायला लागलं होतं, की माझा हात गेला. म्हटलं, आता एवढ्या बारीक कामाला आपण हात लावू नये."

एवढं बोलून तो टेबलाच्या कडेला टेकला आणि सगळ्यांदेखत हुंदके देऊन रडू लागला. फौजदारबाईंनी साहेबांना फोन लावला, आणि तो उचलला जाईपर्यंत त्या जागच्या हलल्या नाहीत.